अक्काने दिलेलं

तंजावर अक्काच्या डोक्यात होतं, माझ्या नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने उभी हयात चौथीच्या वर्गाला इतिहास शिकवला. शिवाजी महाराजांच्या दक्षिण स्वारीचा धडा आला की त्यांचे सावत्र भाऊ, तंजावरचे राजे व्यंकोजी यांचं नाव यायचं आणि दोन-चार ओळींत ते मागे पडायचं. ‘मुलं विचारायची, बाई तंजावर कुठे आलं? मी नकाशावर बोट ठेवायचे. आपण स्वतः कधी गेलो नाही, हे मनात राहायचं,’ असं ती म्हणायची. मग निवृत्ती आली, गुडघे आले, त्यामागोमाग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नोव्हेंबरात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आणि तिने त्याच संध्याकाळी मला फोन केला, ‘आता काढ तिकिटं.’

आम्ही साताऱ्याच्या. म्हणजे आमच्याही गावात भोसल्यांची गादी होती. अजिंक्यतारा घराच्या अंगणातून दिसतो. जुन्या राजधानीत वाढलेल्या माणसाला दुसरी जुनी राजधानी बघताना थोडं नात्यातल्या घरी गेल्यासारखं वाटतं. तिथेही आपल्यासारखीच पडझड असणार, आपल्यासारखाच अभिमान असणार, हे आधीच ठाऊक असतं.

पुण्याहून चेन्नई आणि तिथून रात्रीच्या गाडीने तंजावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मोठ्या देवळाच्या बाहेरच्या दरवाजाशी जमायचं होतं. चालत शहर दाखवणारी ही फेरी, आम्ही धरून सात जण. जानेवारीचा पहिला आठवडा, तिकडचा मार्गळी महिना. हवेत गारवा होता आणि दुरून कुठल्यातरी देवळातल्या लाउडस्पीकरवरून तिरुप्पावैची पदं ऐकू येत होती. वाटाडे गृहस्थ पन्नाशीचे, पांढरी वेष्टी, चौकड्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. अक्काकडे बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘वांगो अक्का.’ आमच्या अक्काला वाटलं, यांना माझं नाव कसं कळलं? तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मी तिला हळूच सांगितलं. ती खूश झाली आणि दिवसभर खूशच राहिली.

बृहदीश्वराच्या देवळाबद्दल मी जे वाचलं होतं ते सगळं आकड्यांत होतं. विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, उंची २१६ फूट. बांधणारा राजराजा चोळ पहिला, साल १०१०. सगळं ग्रॅनाइटमध्ये, आणि तेही अशा मुलखात जिथे आसपास डोंगर नाही, सगळा कावेरीचा सपाट गाळ. पण तीन दरवाजे ओलांडून आत गेल्यावर हे आकडे काही उपयोगाचे राहिले नाहीत. शिखराचा रंग आधी राखाडी होता, मग जांभळट झाला, मग सूर्य वर आला तसं वरच्या मजल्यापासून सोनं खाली उतरत आलं. अक्का नंदीच्या मंडपाशी थांबून वर बघत राहिली. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून. दोन्ही डोळ्यांना सारखं दिसतंय का, हे ती हल्ली प्रत्येक सुंदर गोष्टीवर तपासते.

या देवळाची सावली जमिनीवर पडत नाही, असं आम्हाला रिक्षावाल्यानेही सांगितलं होतं. वाटाड्यांनी काही न बोलता आम्हाला विमानाच्या मागच्या बाजूला नेलं. अख्ख्या फरसबंदीवर लांबच लांब सावली पसरली होती. ‘रोज पडते,’ ते इंग्रजीत म्हणाले. ‘ज्यांनी हे बांधलं त्यांचं खरं काम एवढं मोठं आहे. त्याच्यावर खोटं कशाला चढवायचं?’ या माणसाबरोबर दिवस चांगला जाणार, हे मला तिथेच कळलं.

खरं बघायचं ते वर नव्हतं, खाली होतं. विमानाच्या जोत्यावर चहूबाजूंनी अक्षरं आहेत. दगडाच्या पट्ट्यांवर, कोपऱ्यांवर, गोलाईवर, जिथे जागा मिळेल तिथे तमिळ अक्षरं, हजार वर्षांपूर्वीच्या वळणाची. आजचा तमिळ माणूसही ती सहज वाचू शकत नाही, शिकावी लागतात. आमचे वाटाडे शिकलेले होते. उत्तरेच्या बाजूला ते उकिडवे बसले आणि बोट दगडाला न टेकवता, इंचभर अंतरावरून हवेत फिरवत वाचू लागले: ‘नाम कुडुत्तनवुम, नम अक्कन कुडुत्तनवुम, नम पेंडुगळ कुडुत्तनवुम...’

‘अक्कन?’ अक्काने विचारलं.

‘अक्कन. अक्का.’ त्यांनी चार अक्षरांभोवती बोट फिरवलं.

राजराजाची ती आज्ञा आहे. आम्ही दिलेलं, आमच्या अक्काने दिलेलं, आमच्या बायकांनी दिलेलं आणि आणखी ज्यांनी दिलं त्यांनी दिलेलं, हे सगळं या दगडावर कोरा. अक्का म्हणजे कुंदवै, राजाची मोठी बहीण. तिने सोनं दिलं, मूर्ती दिल्या, आणि आपल्या आई-वडिलांच्या मूर्तीही करवून इथे दिल्या. त्या काळच्या दक्षिणेतल्या सगळ्यात बलाढ्य राजाने आपल्या सगळ्यात मोठ्या कामाच्या नोंदीत स्वतःच्या नावानंतर लगेच बहिणीला बसवलं आहे, राण्यांच्याही आधी. आणि तिला कसलीही पदवी न लावता घरात हाक मारतात तसं म्हटलं आहे, नम अक्कन, आमची अक्का.

माझी अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. मला पाटीवर ‘ग’ काढायला तिने शिकवला, माझी फी तिच्या पहिल्या पगारातून गेली. यातलं कुठेही काही लिहिलेलं नाही. मी त्या चार अक्षरांकडे बघत बसले, आणि वाटाडे पुढे गेले तरी मला उठवेना.

पुढच्या भिंतीवर तर आणखी मोठी यादी. राजराजाने चोळ मुलखातल्या देवळादेवळांतून चारशे नर्तकी आणून इथे वसवल्या. त्या चारशेंची नावं इथे आहेत. कुठल्या गावच्या कुठल्या देवळातून आली, इथे कुठल्या गल्लीत, कुठल्या बाजूच्या कितव्या घरात राहते, तेही आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात, कलम हे तिकडचं धान्याचं माप. त्यांच्यामागून नट्टुवनार म्हणजे नाच शिकवणारे गुरू, वादक, गायक, हिशेबनीस, शिंपी, न्हावी, परीट, सुतार, सोनार. कोणाला किती वाटा, तो मेला तर त्याच्या जागी कोण. ‘हजेरीपट आहे हा,’ अक्का म्हणाली. ‘आणि बघ, कोणाचंही नाव गाळलेलं नाही.’

मी म्हटलं, ‘अक्का, चल आता, बाकीचे पुढे गेले.’ ती म्हणाली, ‘अगं थांब की, देऊळ काय पळून चाललंय?’

वाटाडे गर्रकन वळले. दोन क्षण आमच्याकडे बघत राहिले. मग अडखळत, अगदी हळू आवाजात मराठीत म्हणाले, ‘तुम्ही मराठी?’

ते तंजावर मराठी. घराणं इथे कधी आलं ते त्यांना सांगता येत नाही, पण भोसल्यांच्या काळात आलं एवढं नक्की. गल्लीत त्यांना ‘रायर’ म्हणतात. घरात अजून मराठी बोलतात. त्यांच्या मराठीचा सूर तमिळ, शब्द काही आपले, काही आपल्या पणजीच्या तोंडचे, काही मला अजिबात न कळलेले. दहा वाक्यांतली सात कळली. बोलताना ते लाजत होते, ‘पुण्याचे लोक आले की हसतात आमच्या मराठीला,’ म्हणाले. ज्या कोणी हसलं असेल त्याची मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली. तीनशे वर्षं आपल्या मुलखापासून दूर, आईने मुलाशी आणि मुलाने पुढे आपल्या मुलाशी बोलत राखलेली भाषा आहे ती.

‘मग या देवळातला मराठी शिलालेख तुम्ही वाचला असेल?’ मी विचारलं. त्यांनी मान हलवली. ‘मराठी ऐकलं तर कळतं. वाचायला येत नाही.’

देवळाच्या आवाराभोवती ओवऱ्या आहेत. नैऋत्येच्या कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे, ते तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांच्या काळात उभं राहिलं. त्याच कोपऱ्यात ओवरीच्या भिंतीवर मराठी कोरलं आहे, देवनागरीत. भोसले घराण्याचा सगळा इतिहास. सरफोजीराजांच्या आज्ञेवरून चिटणीस बाबूराय यांनी लिहिला, साल १८०३. मला वाटलं होतं एखादी पाटी असेल, गडाच्या दरवाजावर असते तशी. प्रत्यक्षात भिंतच्या भिंत भरून, ओळीवर ओळ. अक्षर नेटकं, वाटोळं. शब्दांमध्ये जागा फारशी सोडलेली नाही, त्यामुळे पहिल्यांदा नुसती अक्षरांची चटई दिसते.

अक्का जवळ गेली, चष्मा काढला आणि वाचायला लागली. वर्गात वाचते तसं, मोठ्याने, एकेक शब्द तोडत. आधी नुसती नावं सुटी झाली, मालोजी, शहाजी. मग क्रियापदं सापडली. बखरीतल्यासारखी लांबलचक वाक्यं, श्वास कुठे घ्यायचा तेच कळत नव्हतं. काही ठिकाणी ती अडली, परत मागे गेली. आणि ती अडली की रायर मध्येच बोलायचे. एखादा शब्द आम्हाला नुसता अक्षरांचा ढीग वाटायचा, अक्काने तो तीनदा वेगवेगळा तोडून उच्चारला की त्यांचा चेहरा उजळायचा, ‘हां, आमची आजी असं म्हणायची!’ आणि ते अर्थ सांगायचे. वाचता येणारी एक आणि कळणारा दुसरा, अशी दोघांनी मिळून ती भिंत वाचली. सगळी नव्हे, जेमतेम पाच-सहा ओळी. अर्धा तास लागला. बेंगळुरूचं जोडपं आणि चेन्नईचे दोघे विद्यार्थी तोवर शांतपणे ओवरीच्या पायरीवर बसून होते, कोणी घड्याळ बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र मला तिथे खुपली, ती सांगितली पाहिजे. पलीकडच्या जोत्यावर चारशे नर्तकींची नावं आणि घरं. आमच्या भिंतीवर राजा, त्याचा बाप, त्याचा मुलगा, लढाया, तह. ज्या मुलखात हे राज्य उभं राहिलं तिथल्या शिंप्या-सोनारांची नावं इथे आली असती, तर मला ही भिंत आणखी जवळची वाटली असती. अक्काला हे पटलं नाही. ती म्हणाली, घरापासून लांब गेलेला माणूस आधी आपण कोण, कुठले, हेच लिहून ठेवतो. असेलही.

देवळातून पश्चिम राजवीथीने राजवाड्याकडे चालत निघालो. दारोदार कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढलेले, त्यावर शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. मार्गळी महिन्यात घराघरांपुढे हे असतं. अक्काने एका दारात वाकून ते फूल बघितलं, घरातली मुलगी बाहेर आली आणि तिने ताटलीतलं एक अक्काच्या हातात ठेवलं. तंजावरच्या प्रतापसिंहराजांनी बांधलेल्या मारुतीच्या देवळापाशी थांबलो. समर्थ संप्रदायाचे मठ या शहरात भोसल्यांच्या काळापासून आहेत. रायर सांगत होते, इथल्या कीर्तनकारांनी तमिळ हरिकथेत साकी आणि दिंडी ही मराठी वृत्तं आणली. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचा साचा घेऊन तमिळ हरिकथा उभी केली. गोष्ट तमिळमध्ये चालू असते आणि मध्येच दिंडीची चाल येते. ऐकणाऱ्याला ती पंढरपूरकडची आहे हे माहीत असेलच असं नाही.

खाण्यातही तसंच. उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर इथे ‘डांगर पच्चडी’ म्हणून तमिळ घरांत होतं. अक्काने कृती विचारली. तिचीच निघाली, फक्त कांदा नाही आणि फोडणीत मोहरी जास्त.

राजवाडा मूळचा भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांचा, मराठ्यांनी त्यात भर घातली. पडका भाग बराच, डागडुजी केलेला भाग थोडा. दरबाराच्या खांबांवर निळा, तांबडा, पिवळा रंग अजून टिकून आहे. सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. हे दुसरे सरफोजी. तुळजाराजांनी दत्तक घेतलेले, श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीत शिकलेले. १७९८ला गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तह करून राज्याचा कारभार काढून घेतला. राजाच्या हातात राहिला तो किल्ला आणि आसपास. तेव्हा त्यांचं वय बावीस. त्यानंतरची तेहेतीस वर्षं त्यांनी कशी घालवली ते सरस्वती महालात दिसतं.

हे ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण सरफोजींनी त्याला आजचं रूप दिलं. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, मोडीची दप्तरं. १८२० साली काशीयात्रेला निघाले तर तिथूनही हस्तलिखितं घेऊन आले. स्वतःचा छापखाना काढला, त्यात देवनागरी खिळे. इसापच्या गोष्टी मराठीत करवून ‘बालबोध मुक्तावली’ नावाने छापल्या, तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती. अक्का हे ऐकून थबकलीच. लांडगा आणि कोकरू, कोल्हा आणि द्राक्षं, हे ती आयुष्यभर शिकवत आली. ते मराठीत पहिल्यांदा इतक्या दूर छापलं गेलं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. जगाचा भूगोल सांगणारं मराठी नाटकही राजांनी लिहिलं, ‘देवेंद्र कुरवंजी’. एक कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, गाण्यातून देश-नद्या सांगत जाते.

आणि डोळे. धन्वंतरी महालात सरफोजी वैद्यांकडून औषधं पारखून घ्यायचे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया व्हायच्या. त्या रुग्णांच्या नोंदी ठेवलेल्या आहेत, त्यांच्या दुखऱ्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. चित्रकाराने डोळा नुसता डोळा म्हणून काढलेला नाही. पापण्यांची सूज, बुबुळावरचा दुधी पडदा, कडेची लाली, सगळं त्या एका माणसाचं. दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी इथे एका आजारी माणसासमोर बसून, त्याच्या डोळ्यात डोळे घालून, ब्रश चालवला. अक्काने उजवा डोळा मिटला, मग डावा. ‘माझा असाच होता,’ ती म्हणाली. ‘दुधासारखा.’ मघाशी भिंतीवर न सापडलेली साधी माणसं मला या कागदांत भेटली. राजाच्या वंशावळीपेक्षा हे काम मोठं, असं मला वाटतं.

१८५५ला सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे मुलाविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. साताऱ्याचं सात वर्षं आधीच केलं होतं. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ला त्यांच्याविरुद्ध निकाल लागला. आमच्याकडचे रंगो बापूजी साताऱ्याच्या गादीसाठी चौदा वर्षं लंडनमध्ये झगडत होते, तेही रिकाम्या हाताने परतले. दोन राजधान्यांची एकच गोष्ट. रायरना रंगो बापूजी माहीत नव्हते, आम्हाला कामाक्षीबाई माहीत नव्हत्या. उभ्या उभ्या आम्ही एकमेकांना सांगून टाकलं.

कलादालनात शेवटी एक मूर्ती बघितली, तिच्याबद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही. तिरुवेंगाडू गावची, १०११च्या सुमाराची, कांस्याची. शंकर बैलाला टेकून उभा आहे. पाय सहज एकमेकांवर, डोक्याला नागांचा फेटा, उजवा हात नंदीच्या पाठीवर निवांत टाकलेला. नंदी मात्र नाही, हरवला. हात हवेत टेकलेला आहे, आणि तरी शरीराचा सगळा भार त्या हातावर आहे हे कळतं, इतकं की बघणाऱ्याला बैल दिसायला लागतो. अक्काने जाऊन त्याच्यासारखं उभं राहून बघितलं, एक हात असा बाजूला काढून. मी पुढे होऊन तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला. तिचे गुडघे तोवर थकलेले होते.

फेरी संपली, बाकीचे पांगले. रायर आम्हाला एका जुन्या हॉटेलात कॉफीला घेऊन गेले. पितळी डबरा-टंबलर, वर फेस. पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत, ‘अक्का आमच्या घरच्या,’ म्हणाले. मग जरा घुटमळून मोबाइल काढला. घरातल्या पेटीत आजोबांचे कागद आहेत, त्यातल्या एकाचा फोटो होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद, त्यावर झरझर लिहिलेल्या ओळी. लग्नाचं आहे की कर्जाचं, जमिनीचं की देवाचं, घरात कोणालाच माहीत नाही. ‘तुम्ही वाचा,’ त्यांनी फोन अक्कापुढे धरला. ‘सकाळी वाचलं तसं. मी ऐकतो.’

अक्काने चष्मा काढला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. पहिल्या ओळीवर, दुसऱ्या ओळीवर. ती मोडी होती. अक्काला मोडी येत नाही, मला तर नाहीच. आमच्या आजोबांना यायची.

रायर वाट बघत होते. कॉफी निवत चालली होती.

‘वर श्री लिहिलंय,’ अक्का म्हणाली. ‘एवढं येतंय मला. श्री.’

त्यांनी फोन आपल्याकडे वळवून घेतला, तिने दाखवलेल्या जागी बोट फिरवलं, काचेला न टेकवता, सकाळी दगडावर फिरवलं होतं तसं, आणि तो आकार दोनदा हवेत काढून बघितला.